सोनेरी कडेचं कासव

माझ्या पोळीला देवतळेजींनी नो-गो दिला, त्या दिवसापासून आमची ओळख. मी नवी शेजारीण म्हणून डबा घेऊन गेले होते. त्यांनी एक पोळी उचलली, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कडेकडेनं फिरवली आणि म्हणाले, "मंदाताई, या बाजूला लाटणं जास्त दाबलं तुम्ही. चव पास. जाडी नो-गो." आणि मग चार पोळ्या खाल्ल्या. मी घरी येऊन चिडून उरलेली पोळी उजेडात धरून पाहिली. मेली खरंच एका बाजूला पातळ होती.

देवतळेजी फॅक्टरीत एक्झामिनर होते. उभा जन्म तोफगोळ्यांचे सुटे भाग तपासण्यात गेला. तिथे म्हणे गो आणि नो-गो अशी दोन मापं असतात. एकातून भाग गेलाच पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. रिटायर होताना त्यांनी मापं परत केली, पण बोटं बरोबर घरी आली. शहपुऱ्याकडचे मटार ते शेंग न फोडता दाणे सांगून घेतात, आणि भाजीवाला भैया मुकाट्यानं "जी बाबूजी" म्हणतो. माझ्या नणंदेला सांगून आलेल्या मुलाशी त्यांनी नुसता हात मिळवला आणि माझ्या कानात "नो-गो" म्हणाले. तो मुलगा पुढे कसा निघाला ते सांगत बसत नाही, पण तेव्हापासून मी त्यांना लांबूनच नमस्कार करते.

आणि हा एवढा मोठा माणूस पत्त्यांच्या नादी लागलेला. तीन पत्ती नव्हे हो, त्याचं आम्हाला काही वाटलं नसतं. हे चित्रांचे पत्ते. प्राणी, राक्षस, योद्धे, प्रत्येकाची वेगळी ताकद. बंद पाकिटात येतात, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. एखाद्याच पाकिटात चमकणारा पत्ता निघतो, त्याला फॉइल म्हणतात. दर काही महिन्यांनी कंपनी नवा सेट काढते, आणि तो यायच्या आधी दोन महिने देवतळेजींच्या घरी पाव्हणा यायचा असल्यासारखं वातावरण असतं.

या वेळी तर हद्दच झाली. नव्या सेटमध्ये सोनेरी कडेचं कासव हे फॉइल येणार होतं. मी गॅसच्या सिलिंडरची वाट पाहत फाटकात उभी, तर हे कुंपणावरून म्हणतात, "बावीस दिवस राहिले." मी म्हटलं, "सिलिंडरला?" तर म्हणाले, "चलो, तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही."

कासव त्यांना स्वतःसाठी नको होतं. ते रेणूला पाहिजे होतं. रेणू त्यांची एकुलती एक मुलगी, बेंगळूरला नोकरी करते. मराठी समजते तिला सगळी, बोलते मात्र अर्धी हिंदी. छत्तीस पाकिटांचा खोका आला की त्यातली अठरा पाकिटं ते तिला कुरिअर करतात, अठरा स्वतः ठेवतात, आणि ठरलेल्या रविवारी दुपारी व्हिडिओवर समोरासमोर बसून दोघं एकेक पाकीट फोडतात. ती घरी होती तेव्हापासून, अकरा वर्षांत हा रविवार चुकला नाही. आणि अकरा वर्षांत देवतळेजींना एकही फॉइल निघालं नाही. सगळी रेणूला. आम्ही कॉलनीवाले त्यांच्या नशिबावर मनसोक्त हसायचो, आणि तेही हसायचे.

खोका आला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर स्वच्छ पंचा, त्यावर छत्तीस पाकिटं ओळीनं मांडलेली. देवतळेजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"ताई, शुगरनं घात केला. बोटांत मुंग्या येऊन राहिल्या. काहीच लागत नाही हाताला."

"मग फोडा की सावकाश. काहून एवढं?"

त्यांनी एक पाकीट उचलून परत ठेवलं. मग सांगून टाकलं. बंद पाकिटावर नुसतं बोट फिरवून, आत फॉइल आहे की नाही, ते या माणसाला कळायचं. चमकत्या पत्त्याचा थर केसाएवढा जाड असतो म्हणे. अकरा वर्षं त्यांनी खोका तपासला होता. फॉइलची पाकिटं रेणूच्या वाट्याला, साधी स्वतःकडे.

आम्ही ज्या नशिबाला हसत होतो ते या माणसानं हातानं घडवलं होतं.

"तिची आई गेली तेव्हा पोरगी बोलणंच विसरली होती," ते म्हणाले. "मी कमानिया गेटजवळून हे पाकीट आणलं सहज. त्यात चमकणारं निघालं आणि ती हसली. म्हटलं, आता हे थांबू द्यायचं नाही."

मी म्हटलं, सराफ्यातून नाजूक काटा आणू, वजन करू. ते म्हणाले, कंपनीनं साध्या पाकिटात जड कागद घालून वजन सारखं केलंय, काटा फसतो, बोट फसत नव्हतं. मग मीच बोट फिरवून पाहिलं, छत्तीसच्या छत्तीस पाकिटांवरून. मला सगळी सारखीच लागली. शेवटी एक रेणूला, एक त्यांना, अशी डोळे मिटून वाटली. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न तपासलेला माल बाहेर जात होता.

रविवारी त्यांनी मला धीराला बसवून घेतलं. रेणूची पाच पाकिटं साधी निघाली, यांचीही. सहावं यांनी फोडलं आणि हात थांबला. सोनेरी कड. कासव. देवतळेजी ते घाईनं पंच्याखाली सरकवायला गेले, पण मुंग्या आलेल्या बोटांतून ते जमिनीवर पडलं. मी उचललं, आणि कॅमेऱ्यासमोर चमकलं ते.

"बाबा! अरे, तुम्हाला निघालं!" रेणू खुर्चीवरून उठलीच. हसत होती आणि रडत होती. "आपको पता है, मी दर वेळी देवाला म्हणायची, एक तरी बाबांना निघू दे. मला इतकं वाईट वाटायचं, बाबा. सगळे मलाच, सगळे मलाच. मैंने इसी कासव के लिए बोला था, तुमच्यासाठी."

तिनं देवतळेजींना कासव वर धरायला लावलं, फोटो काढला, पुन्हा काढला. अकरा वर्षांत स्वतःच्या एकाही फॉइलला ती अशी हसली नसणार.

फोन ठेवून त्यांनी कासव पंच्यावर ठेवलं. मग म्हणाले, "ताई, मी सगळा माल तपासला आणि हेच तपासायचं राहून गेलं. तिलाही मला काही द्यायचं असेल, हे माझ्या ध्यानातच नाही आलं."

त्यांनी कासव चिमटीत धरलं, पोळी धरली होती तसंच, आणि कडेकडेनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पत्ता माझ्यापुढे केला.

"पाहा बरं तुम्ही. कड लागते का हाताला?"

मी बोट फिरवलं. खरं सांगते, मला काहीसुद्धा लागलं नाही.

"लागते, देवतळेजी," मी म्हटलं. "चांगली लागते."