नानांचा अंगठा आणि खालची पापणी

आमच्या गावातले नाना भेटल्यावर कुणाला "कसं काय" असं विचारत नसत. अंगठा पुढे करून म्हणत, "डोया दखाड." मग समोरच्याची खालची पापणी ओढून आत पाहत. लाल दिसलं की सुटका. फिकं दिसलं की निकाल, "पोटमा किडा शेतस."

ही सवय शेळ्यांमुळे लागली. जंत झालेल्या शेळीची पापणी आतून पांढरी पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. उपाय एकच, तिखाडी गवताचं तेल. ओढ्याकाठी तांब्याच्या हंड्यात गवत उकळायचं, वाफ गार करून तेल धरायचं आणि शेळीला गुळातून थेंबभर चारायचं. त्यांचा बोकड नुसता शेजारून गेला तरी लग्नाचं वऱ्हाड गेल्यासारखा घमघमाट सुटे.

साक्रीकडच्या त्या गावात मी उपकेंद्राची नर्स होते. माझ्या जंताच्या गोळीवर नानांचा मुळीच विश्वास नव्हता. "जेले वासच नही, तेले किडा कसा घाबरी, बाई?"

एकदा त्यांनी भर मिरवणुकीत नवरदेवाची घोडी अडवली. "वाक खाले, डोया दखाड." वरबाप खवळला. नानांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "लाल शे. जाऊ द्या." जाताना घोडीचीही पापणी पाहून घेतली.

माझं काम यादीवर चाले. घर क्रमांक, माणसं, गोळी दिली, सही. सगळं गाव त्या वहीत होतं, असा माझा समज होता.

एका सकाळी नाना उपकेंद्राच्या तीन पायऱ्या चढले आणि धापा टाकत तिसरीवरच बसले. मी अंगठा पुढे केला. "नाना, डोळा दाखवा."

"मी काय बकरी शे?" ते मागे सरकले. पण मी पापणी ओढलीच. आतून कागदासारखी पांढरी. जन्मभर शेळ्यांच्या वाड्यात आणि ओल्या बांधावर अनवाणी फिरलेला माणूस; रक्त पिणारे जंत ओल्या मातीतून तळपायातच शिरतात.

मी वही उघडली. नानांच्या घरापुढे तीन वर्षं माझ्याच अक्षरात एकच शेरा, "घर बंद." मी जायची त्या वेळी ते ओढ्यावर असत. पुन्हा जायचं मला सुचलं नव्हतं.

"नाना, गावभर डोळे तपासता, स्वतःचा कधी पाहिला नाहीत?"

ते हसले. "मना डोया देखाले घरमा कोन शे, बाई?"

तालुक्याला नेऊन तपासणी केली. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. वास नसलेल्या गोळ्या त्यांनी नाक मुरडत गिळल्या. मग रोज सकाळी ते तिसऱ्या पायरीवर येऊन बसू लागले. स्वतःच पापणी खाली ओढत. "देखा, लाल व्हयना का?"

लाल होऊन दोन महिने झालेत. मी नीट वाकून पाहते, वहीत खूण करते आणि म्हणते, "उद्या या, नाना."