आतला माल

खरेदी करावी तर कोरीटच्या हिलाल नानांनी, असं हिलाल नाना स्वतःच सांगत. त्यात फारसं खोटंही नव्हतं. मिरचीच्या ज्या बियाण्यासाठी पंचक्रोशीतले लोक भल्या सकाळपासून दुकानांपुढे रांगा लावायचे, ते नानांच्या घरी आधीच येऊन पडलेलं असायचं. रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत. दुकानात जायचं, बाकड्यावर बसायचं आणि घाई दाखवायची नाही, ही त्यांची पद्धत. समोर थप्पी लावलेल्या पिशव्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत, कारण दुकानदार जे उघड्यावर मांडतो ते त्याला खपवायचं असतं. खरा माल मागच्या खोलीत असतो. पहिल्या दिवशी दुकानदार म्हणतो, नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतो, शपथेवर नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी निघते. तीस वर्षांच्या शेतीत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

पिशवीबरोबर आणखी एक गोष्ट यायची, ती म्हणजे लिंकिंग. ज्या मालाला मागणी आहे तो हवा असेल, तर ज्याला कुत्रं विचारत नाही अशी एखादी औषधाची बाटली दुकानदार गळ्यात मारतो. शहाणा माणूस त्यावर वाद घालत नाही. बाटली घेतो आणि घरी येता येता कुणाला तरी देऊन टाकतो. नानांच्या अशा बाटल्या अर्ध्या तालुक्याने वापरल्या होत्या.

तर अशा माणसाच्या हातात रुचिकाने पुस्तकांची यादी दिली.

रुचिका ही नानांची एकुलती एक लेक. गेल्या मे महिन्यात तिने नीटची परीक्षा दिली आणि सरकारी मेडिकल कॉलेज अकरा मार्कांनी हुकलं. अकरा क्विंटलने काही हुकलं असतं तर नानांना समजलं असतं. अकरा मार्क कुठे असतात, कुठून आणायचे, हेच त्यांना कळेना. आपण काहीतरी आणून द्यायला हवं होतं आणि ते आणलं नाही, एवढंच त्यांना राहून राहून वाटायचं आणि फार वाईट वाटायचं. रुचिकाने आदळआपट केली नव्हती. यंदा घरी बसून पुन्हा एकदा देते, नाही जमलं तर बीएस्सीला नाव घालीन, परत मागणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली म्हणून तर नाना जास्तच हलले होते.

यादी दोनच ओळींची होती. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच. मागच्या वर्षी तिने कॉलेजच्या वाचनालयातली पुस्तकं वापरली होती, ती निकालानंतर परत गेली. मी स्वतः नंदुरबारला जाऊन आणते, असं ती म्हणत होती. पण खरेदी म्हणजे पोरखेळ नव्हे, असं सांगून नानांनी यादी खिशात घातली आणि एसटी पकडली.

भूपेंद्र शेठचं पुस्तकांचं दुकान बाजारात मोक्याच्या जागी होतं. नानांनी यादी पुढे केली. शेठने ती वाचली आणि गल्ल्याशेजारच्या थप्पीवर हात ठेवला. पुस्तकं हीच, सगळा पेपर यातूनच निघतो, मुलीने ही नीट वाचली तर दुसरं काही लागत नाही, असं तो म्हणाला. आता हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण ते नानांनी बियाण्याच्या दुकानात इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना शेठची कीव आली. थप्पी समोरच, तीही उंबऱ्यालगत, वर किंमत छापील आणि तेवढीच घेणार. असल्या मालातून डॉक्टर उगवत असते तर कोरीटमध्ये घरटी एक डॉक्टर असता.

नाना बाकड्यावर बसले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “शेठ, मझारना माल दखाडा ना.”

आत काही नाही, असं शेठ म्हणाला. नानांनी समजूतदारपणे मान हलवली आणि घरी आले. पहिला दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला होता.

दुसऱ्या दिवशी शेठने खरोखरच शपथ घेतली. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. घरी रुचिका वाट बघत होती. पुस्तकं मिळाली का, असं तिने विचारलं. काम होत आलंय, असं नाना म्हणाले. तिने काल रिकाम्या टेबलाजवळ बसून वेळापत्रक केलं होतं, त्यातले दोन दिवस तिने खोडले.

तिसरा दिवस राखीपौर्णिमेचा होता. नाना घरच्या लाल मिरच्यांची पिशवी घेऊन दुकानात हजर झाले. गिऱ्हाइकांची गर्दी होती, नाना बाकडं अडवून बसले होते, आणि शेठ हा मुळात सज्जन माणूस. तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि धुळीने माखलेला, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला. आत काय आहे ते एकदाचं बघून घ्या, एवढाच त्याचा हेतू होता. कुणीतरी मागवलेली आणि मग कधी नेलीच नाहीत अशी ही पुस्तकं, प्रत्येक विटेएवढं जाड.

“हाई तुम्हना कामनं नही शे, नाना,” शेठ कळवळून म्हणाला. “हाई पुढली परीक्षानं शे.”

पुढची परीक्षा म्हणजे पुढारलेला माल, हे नानांनी तत्काळ ओळखलं. धूळ तर लपवून ठेवल्याची सरळ खूणच होती. त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला, किंमत विचारली नाही, आणि आता आपणही रीत पाळली पाहिजे म्हणून मोठ्या मनाने म्हणाले, “आनि ह्या समोरन्या पुस्तकं बी लिंकिंगमा टाकी द्या.”

अशा रीतीने यादीतली सगळी पुस्तकं नानांच्या पिशवीत आली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण राखी होती. नाना तसेच धानोऱ्याला, बहिणीकडे गेले. अनुसयाबाईंनी ओवाळलं. ताटात नोट टाकल्यावर नानांचं लक्ष बहिणीच्या नातीकडे, रुपाकडे गेलं. ती यंदाच अकरावी सायन्सला होती आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी वहीवरून काहीतरी उतरवत बसली होती. नानांना पिशवीतलं लिंकिंग आठवलं. त्यांनी एनसीईआरटीची झाडून सगळी पुस्तकं आणि प्रश्नपत्रिकांचा संच काढून ताटात ठेवला. रुपा त्यांच्या पाया पडली. अनुसयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण भावाने आजवर धानोऱ्याला फक्त बाटल्याच आणल्या होत्या.

घरी पोचेपर्यंत नानांची छाती फुगली होती. त्यांनी गठ्ठा ओट्यावर मांडला. शेजारचे करणसिंग आले. त्यांनी एक पुस्तक उचललं, तळहातावर जोखलं, दुसरं जोखलं आणि माल आहे, असा निर्वाळा दिला. कुठून मिळाला, किती दिवस बसावं लागलं, याची त्यांनी बारकाईने चौकशी केली. त्यांची पुतणीही यंदा नीट देणार होती.

मग रुचिका बाहेर आली. तिने मुखपृष्ठ वाचलं. आतलं पान वाचलं. दुसरं पुस्तक उघडलं.

“नाना,” ती म्हणाली, “ज्या डॉक्टर व्हई जातस ना, त्या हाई परीक्षा देतस.”

नानांनी गठ्ठ्यावरची धूळ झटकली. “मंग आतेपासून वाची ठेव,” ते म्हणाले. “पुढे घाई नको.”

“आनि मन्ही यादीनी पुस्तकं?”

ते लिंकिंग होतं आणि रुपाला देऊन टाकलं, असं नानांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण रुचिका खाटेवर बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

“मन्हा अकरा मार्क त्या पुस्तकसमाच व्हतात,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. नानांना वाटलं, हिने रडावं, भांडावं, काहीही करावं. त्यांनी धोतर सावरलं आणि आत्ता धानोऱ्याला जाऊन परत आणतो म्हणून उठले. दारातून भिकुबाई, म्हणजे रुचिकाची आई, सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “राखीनी ओवाळणी परत मांगशात का?”

नाना पुन्हा बसले. तेवढ्यात अनुसयाबाईंचाच फोन आला. रुपाने सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती आणि प्रत्येकावर शाईने आपलं नाव टाकलं होतं, पुढे डॉक्टर लावून. रुचिकाने ते ऐकलं, फोन घेतला, रुपाला अभ्यास कसा करायचा ते पाच मिनिटं समजावलं आणि फोन ठेवला. पुस्तकं तिच्याकडेच राहू द्या, असं ती म्हणाली. विटांचा गठ्ठा तिने कपाटावर ठेवला. नाना तो परत करायला निघाले होते, पण ती राहू द्या म्हणाली. तेवढ्या दोन शब्दांनी नानांना पुष्कळ बरं वाटलं.

मिरचीला खत घालायचं निघालं, आणि शेठकडे तोंड दाखवायला नानांनाही धीर गोळा करावा लागला. यात आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रुचिका त्यांच्याबरोबर नंदुरबारला गेली. खरेदी आता ती करणार होती. नाना फक्त पिशवी धरणार होते.

दुकानात शिरल्याबरोबर दोघांनी एकाच जागी बघितलं. गल्ल्याशेजारची थप्पी गायब होती.

रुचिकाने पुस्तकांची नावं सांगितली. शेठने नानांकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाला, नाहीत. केव्हा येतील? सांगता येत नाही. रुचिका मटकन बाकड्यावर बसली. पुढच्या मेपर्यंतचे महिने तिने बोटांवर मोजून ठेवले होते, आणि त्यातले हे सगळे दिवस वाया गेले होते. नाना मात्र तिच्याशेजारी बसले ते समाधानाने. त्यांनी तिला हळूच सांगितलं की घाबरू नकोस, आज पहिला दिवस आहे.

रुचिका उभी राहिली. “काका,” ती शेठला म्हणाली, “मन्हाकडे तीन दिन नही शेतस.”

शेठने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो मागच्या खोलीत गेला. येताना त्याच्या हातात एनसीईआरटीचा पूर्ण संच होता, वर प्रश्नपत्रिकांचं पुस्तक. त्याने छापील किमतीला ते तिच्या हवाली केलं आणि मग जरा मोकळा झाला. नाना गठ्ठा घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरीटचे कोणी करणसिंग आले होते. त्यांच्यामागून आणखी दहा-बारा जण. समोरच्या थप्पीला कोणी हात लावेना, सगळ्यांना आतलाच माल हवा. शेवटी कंटाळून त्याने थप्पीच उचलून आत नेली. विचारलं की पहिल्यांदा नाही म्हणतो. तीन महिन्यांत जेवढी खपली नव्हती तेवढी चार दिवसांत खपली, हा शेवटचा संच.

हे सगळं शेठ रुचिकाला सांगत होता. नानांनी त्यातला एवढाच भाग ऐकला की पुस्तकं आतून आली.

“दखं का?” ते लेकीला म्हणाले. “चांगला माल मझारच ऱ्हास.”

रुचिकाने त्यांच्याकडे बघितलं. समजावून सांगायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. ती हसली आणि तिने पुस्तकं छातीशी धरली.

एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटायच्या आतच नानांनी मागच्या सीटवरच्या एका गृहस्थाला गाठलं आणि नीटची पुस्तकं कशी काढायची, किती दिवस बसायचं, मिरची द्यावी की शेंगदाणे, हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. ते दुसऱ्या दिवसाच्या शपथेपर्यंत आले होते, तेव्हा शेजारून रुचिकाचा आवाज आला. तिने पहिलं पुस्तक उघडलं होतं.

“नाना,” ती म्हणाली, “आते माले वाचू द्या.”

नानांनी शपथेची गोष्ट तिथेच सोडली. थोड्या वेळाने ओळखीचा कंडक्टर तिकिटं विचारत आला, तेव्हा नानांनी ओठांवर बोट ठेवलं, नोट पुढे केली आणि दोन बोटं दाखवली. कंडक्टरने पुस्तकाकडे बघितलं, आणि कोरीटची दोन तिकिटं काढून सुट्टे पैसे आवाज न करता त्यांच्या हातावर ठेवले.