आठ दिवसांत परत

इंद्रजीतच्या वेबसाइटला तिसरं वर्ष लागलं, तरी त्याचा हा जोडधंदा नेमका काय आहे, हे त्याच्या वडिलांच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, डोक्यात शिरत नव्हतं. मिक्सर, कुकर, कूलर असल्या वस्तूंबद्दल इंद्रजीत तिथं बरं-वाईट लिहायचा. वाचणाऱ्यानं तिथल्या लिंकवरून वस्तू मागवली, की याला कमिशन मिळायचं.

"म्हंजी तू अडत्या झाला की रे," नानासाहेब एकदा म्हणाले. त्यांची निम्मी हयात मोंढ्यातल्या अडत्याकडं मका घालण्यात गेली होती. "पण अडत्याला गिऱ्हाइकाचं तोंड तरी दिसतंय. तुला काय दिसतं?"

"आकडा दिसतो."

आकडाही मोठा लहरी. एका महिन्यात गाडीचं पेट्रोल निघायचं, तर पुढच्या महिन्यात मोबाईलचं रिचार्जसुद्धा नाही. दिवाळीत त्याचे कूलर खपले होते आणि भर उन्हाळ्यात हीटर. असं का व्हावं, या विचारानं इंद्रजीतचं डोकं पिकायचं. त्याची बायको मोनिका म्हणायची, "यापरीस पाऊस परवडला. त्याचा चुकीचा का होईना, अंदाज तरी सांगतात." म्हणूनच वाळूजच्या कंपनीतली नोकरी त्यानं धरून ठेवली होती. बजाजनगरच्या फ्लॅटचा हप्ता तिच्यावरच चालला होता.

आणि यंदा वैशाखात एकाएकी रोटीमेकर खपायला लागले. कालचा आकडा आज शिळा व्हायचा. वेबसाइट वाचणारे कुठले आहेत एवढं इंद्रजीतला कळायचं, आणि तिथंच खरी मेख होती. सगळे फुलंब्रीकडचे!

"फुलंब्री?" नानासाहेब उडालेच. "तिथं समदे भाकरी खाणारे. ते रोटीमेकर घिऊन काय पापड दाबायलेत का?"

इंद्रजीतलाही हेच कोडं पडलं होतं. त्यानं स्वतःचाच लेख चार वेळा वाचून काढला आणि तो स्वतःच्याच लेखणीवर भाळला. विशेषतः ठळक अक्षरांतल्या त्या वाक्यावर: 'नुसतं बघायला म्हणून घ्या, नाही आवडलं तर आठ दिवसांत परत!' असं वाक्य वाचून भाकरी खाणाराही विरघळला असणार, दुसरं काय.

"अहो, पण आकड्याखाली हे बारीक काय लिहिलंय? मंजुरी बाकी?" मोनिकानं विचारलं.

"ते असतंच."

"कोण घ्यायलंय ते तरी बघ आधी," नानासाहेब म्हणाले. "तोंड न बघता उधार देऊ नाय आन् दुकान वाढवू नाय."

पण घोडं आता चौखूर उधळलं होतं. शनिवारी इंद्रजीतनं कुणाला न विचारता कंपनीतल्या सोमनाथ साहेबांना राजीनाम्याचा मेल पाठवून दिला. मोनिकाला सांगितलं ते रविवारी, फुलंब्रीला लग्नाला जाताना, गाडीवर. तिनं उरलेल्या रस्त्यात फ्लॅटचे राहिलेले हप्ते मोठ्यानं मोजले. लग्न तिच्याच मावसबहिणीचं, संस्कृतीचं होतं.

मांडवात शिरताच इंद्रजीतचं लक्ष रुखवताकडं गेलं. लाडू, करंज्या, लोकरीची तोरणं आणि मधोमध, हार घातलेला रोटीमेकर! त्याला भरून आलं. नवरीची आई आवडाबाई तिथंच राखण करत उभ्या होत्या.

"मावशी, हा कुठून घेतला?"

"कुठून म्हंजी? तुमच्याच दुकानातून की, जावईबापू! संस्कृतीनं मोबाईलवर काढून दिला." तेवढ्यात कुणा पाहुणीनं रोटीमेकरचं प्लॅस्टिक सोलायला घेतलं. आवडाबाई कडाडल्या, "ए बाई, हात लावू नको! परवा परत जायचंय ते."

"परत?" इंद्रजीतनं विचारलं. "कामून? बिघडला का?"

"बिघडायला वापरणार कोण? रुखवत मांडायचं असतंय, लोकायला दाखवायचं असतंय. पोरीच्या सासरी चूल हाय. तुम्हीच लिहिलंय ना, नुसतं बघायला घ्या, आठ दिवसात परत? लई बेस लिहिता बगा. आमच्याकडं ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरी हेच चाललंय. फोटो निघाले की डब्यात घालायचं आन् पाठवून द्यायचं."

माल परत गेला, की कमिशनही परत जातं, हे इंद्रजीतला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तिथंच मोबाईल उघडला. सकाळपासून आकडा उतरणीला लागला होता. पंगतीत त्याला जिलेबीसुद्धा कडू लागली. मोनिकानं त्याच्या ताटाकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या साहेबांचे पाय धरा."

सोमवारी त्यानं घाबरतच साहेबांच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं. सोमनाथ साहेबांनी स्वतः उठून दार लावलं.

"तुझा मेल वाचला मी. वर पाठवला नाय अजून." साहेबांनी आवाज खाली आणला. "त्याच्याआधी एक सांग. पुढच्या महिन्यात आमच्या पोरीचं लग्न हाय. आमचे पाव्हणे फुलंब्रीचे. घरातून लकडा लागलाय, की तुझ्याकडून त्या रोटीमेकरची लिंक घ्या. रुखवतात मांडला, तरी नंतर परत घेतात म्हणं?"

इंद्रजीतच्या जिवात जीव आला.

"घेतात की, साहेब. आठ दिवसांच्या आत असला आणि वापरलेला नसला, की काही विचारत नाहीत." मग त्यानं हळूच पुढं जोडलं, "साहेब, माझ्या राजीनाम्याला तर दोनच दिवस झालेत. आणि तुम्ही तो वापरलेलाही नाही."

साहेब आधी गोंधळले, मग खो खो हसले. "जा, घेतला परत. पण लिंक आत्ताच्या आत्ता पाठव."

बाहेर येऊन इंद्रजीतनं लिंक पाठवली आणि घरी फोन लावला.

"नाना, गिऱ्हाइकाचं तोंड दिसलं एकदाचं."

"व्हय? कसं हाय?"

"देवमाणूस आहे. माल तेवढा परत करणार आहे."