उद्घाटनापूर्वी फुगलेला फुगा

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन सकाळी दहाला होतं. म्हणजे दहाला होणार नव्हतं, हे देवळी तालुक्यातल्या प्रत्येक सुजाण नागरिकाला ठाऊक होतं. पण यीस्ट ही सुजाण नागरिक नसल्यामुळे पुढचा प्रकार घडला.

माझा प्रयोग असा: बाटलीत कोमट पाणी, यीस्ट आणि गॅलॅक्टोज नावाची साखर, बाटलीच्या तोंडावर फुगा. ही साखर खायला यीस्टला वेगळी जनुकं चालू करावी लागतात. गॅल-फोर नावाचं प्रोटीन त्या जनुकांच्या दारात तयारच बसलेलं असतं, पण गॅल-एटी त्याचं तोंड दाबून धरतं. साखर आली की गॅल-थ्री येऊन गॅल-एटीला आवरतं. मोकळं झालेलं गॅल-फोर मीडिएटर नावाच्या प्रोटीनांच्या अख्ख्या मंडळाला हाक मारतं, मंडळ जनुकाची नक्कल उतरवणाऱ्या यंत्राला आणून बसवतं, आणि काम सुरू! मंडळ भलंमोठं, पण अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच.

परीक्षकांना चालू प्रयोग दिसला तरच तो वर्ध्याला जिल्हा प्रदर्शनात जाणार होता. मला वर्ध्याला जायचंच होतं. म्हणून दहाचे साडेअकरा होतील, या हिशोबानं साखर नऊलाच घातली.

अकराला निरोप आला: उद्घाटक चंद्रभानजी पवनारला दुसऱ्या एका उद्घाटनात आहेत. साडेअकराला माझा फुगा मान वर करू लागला. मुख्याध्यापक झाडे सर धावत आले.

"काऊन वं वर्षाली, हा फुगून काऊन राह्यला? उद्घाटन व्हाचं आहे ना अजून!"

"सर, त्याची जनुकं चालू झाली."

"कोणाच्या परवानगीनं?"

"मीडिएटरच्या."

"आपल्या समितीत या नावाचं कोणी नाई. थांबव त्याले."

"थांबत नाई सर. जीव आहे त्यात."

"जीव तं आपल्यातही आहे. आपण बसलो ना सकाळपासून गुपचूप?"

फुगा तेवढ्यात आणखी बोटभर वाढला.

तातडीनं 'उद्घाटनपूर्व शिस्त समिती' स्थापन झाली. सरांनी फुगा सुईनं फोडावा असं सुचवलं. विज्ञानाच्या कोकिळा मॅडमनी, फुगा फोडणं हेही एक प्रकारचं उद्घाटनच ठरेल, असा मुद्दा काढला. समिती गंभीर झाली. मग सरांची नजर माझ्या तक्त्यावर गेली आणि चेहरा उजळला.

"हे पाहा! हिनंच लिवलं आहे, ग्लुकोज दिलं की ही जनुकं बंद. आणा कबड्डीच्या पोराईचा ग्लुकोजचा डबा!"

"सर, नको! जनुकं बंद होतात, खाणं नाई! ग्लुकोज तं यीस्टले आयतं ताट आहे, त्यासाठी कोणतंच दार उघडा लागत नाई!"

"बंद म्हंजे बंद, बेटा. नियमात दोन अर्थ नसतात."

मी कोकिळा मॅडमकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. तोंड दाबलेलं गॅल-फोर कसं दिसत असेल, हे मला तेव्हा कळलं.

सरांनी फुगा काढला, अर्धा डबा बाटलीत रिकामा केला, फुगा परत बसवून वर दोऱ्यानं करकचून बांधला. नियमाची अंमलबजावणी झाली. नियमानुसार यीस्टच्या पेशींनी गॅलॅक्टोजची जनुकं शिस्तीत बंद केली आणि ग्लुकोजवर तुटून पडल्या.

चंद्रभानजी दोनला आले. तोवर फुगा कलिंगडाएवढा झाला होता. समितीनं त्यावर शाल पांघरवली होती, त्यामुळे त्यांना वाटलं, हा कोणाचा तरी अर्धपुतळा. त्यांनी हात जोडले, वाकून हार घातला. हाराला टाचणी होती.

आवाज पार वर्ध्याजवळच्या नालवाडीपर्यंत गेला असावा. फेस त्यांच्या पांढऱ्या जाकिटावर, मिशीवर आणि भाषणावर. सर पांढरेफटक. चंद्रभानजींनी ओठावरचा फेस पुसला आणि गहिवरून म्हणाले, "इतके वर्षं उद्घाटनं करून राह्यलो, पण हात लावताच काम सुरू झालं, असं पह्यल्यांदाच!"

टाळ्या.

मग निकाल. माझा प्रयोग बाद. कारण, 'पाहणीच्या वेळी बंद अवस्थेत आढळला.' वर्ध्याला निवड झाली थर्माकोलच्या ठिबक सिंचनाची. त्यात पाणी म्हणून निळी लोकर होती आणि ती सकाळपासून जागची हलली नव्हती. परीक्षकांनी तिच्या शिस्तीचा खास उल्लेख केला.

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

तुम्ही माझ्या बाजूनं आहात, माहीत आहे मला. सर कसे, समिती कशी, हसू आलं ना? पण त्या दिवशी वर्गाच्या दारात फक्त एक लाल फीत होती, कमरेएवढी. तिच्याबाहेर चार तास सगळे पालक खुर्च्या धरून बसले होते, तुम्हीही त्यांतच. जरा वाकून खालून आत आलं असतं, तर फुगा फुगताना दिसला असता. कोणी अडवलं नव्हतं. निकाल चुकला, असं मग तुम्ही मला कानात सांगितलंत. टाळ्या मात्र उभं राहून वाजवल्यात.