पांढऱ्यात पांढरं

"फुलं येईपर्यंत कुणालाही रजा मिळणार नाही," विभागप्रमुखांनी जाहीर केलं, आणि प्रयोगशाळेतल्या ताईंनी रजेचा अर्ज घडी करून परत पर्समध्ये टाकला. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. पण बाळंतपणं काय, होतच असतात; संस्थेचे अध्यक्ष थोडेच रोज भेटीला येतात? त्यांना पांढरा रंग आवडतो, असं प्रमुखांच्या कानावर आलं होतं. म्हणून दोन वेगवेगळ्या पांढऱ्या जातींचा संकर करून मिळालेलं स्वीट पी या फुलवेलीचं बी इमारतीच्या दारासमोरच्या कुंपणाला पेरलं होतं. दोन्हीकडून पांढरेपणा आला की फूल दुप्पट पांढरं होणार, असा प्रमुखांचा हिशेब.

उपप्रमुखांनी संकर ठरला तेव्हाच घसा खाकरला होता. आनुवंशिकीचे तास तेच घेत.

"साहेब, पांढऱ्या फुलातही रंगाचा जीन असू शकतो. दुसरा एखादा बिघडलेला जीन त्याला झाकून टाकतो, एवढंच. आता या दोन जातींत झाकणारे जीन वेगवेगळे असले, तर..."

"पांढऱ्यात पांढरं मिसळलं की काय होतं? शाळेतलं पोरही सांगेल."

"बरोबर आहे, साहेब."

आता रजेचं कळल्यावर मात्र ते ताईंजवळ हळहळले. "माझ्या हातात असतं ना ताई, तर आत्ता सही केली असती." सगळ्या विभागाचा त्यांच्यावर जीव होता. इतका मऊ माणूस, आणि नशिबी हा असला साहेब.

पहिलं फूल उमललं ते गडद जांभळं. मग दुसरं, मग अख्खं कुंपण.

"बी कुणी बदललं?" प्रमुख कडाडले. क्लार्कची पिशवी उलटी केली, तिच्यातून छत्री आणि अर्धा बिस्किटांचा पुडा निघाला. मग हुकूम सुटला, सगळी फुलं तोडा. स्वीट पीची फुलं तोडावी तितकी जोमाने येतात, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, पण साहेबांना सांगण्याची कुणाचीच छाती झाली नाही. भेटीच्या दिवशी सकाळी कुंपण आधीपेक्षा जांभळं झालं होतं.

शेवटी त्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या. अध्यक्ष गाडीतून उतरले, त्यांना चादरी दिसल्या, आणि वाऱ्याने त्यातली एक उचलून थेट त्यांच्या पायाशी आणून टाकली.

"हे काय चाललंय?"

"यांना विचारा," प्रमुखांनी उपप्रमुखांकडे बोट केलं. "संकर यांनीच केला."

तेव्हा उपप्रमुखांनी सगळं समजावून सांगितलं. रंग दोन्ही जातींत दडलेला होताच. एकीत जे अडलं होतं ते दुसरीने पुरवलं, झाकण उडालं आणि रंग बाहेर आला.

"तुम्हाला हे आधी ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

उपप्रमुखांनी नुसतं प्रमुखांकडे पाहिलं. अध्यक्षांना उत्तर मिळालं. आठवडाभरात प्रमुख मुख्यालयात सल्लागार झाले, म्हणजे जिथे त्यांना कुणी काही विचारणार नाही अशा खोलीत गेले, आणि उपप्रमुख त्यांच्या खुर्चीत बसले. विभागात त्या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकाला चहा पाजला. क्लार्क तर जिन्यात चक्क गाणं म्हणाला.

ताईंनी पर्समधला अर्ज काढला, घड्या सरळ केल्या आणि हसत आत गेल्या.

"न विचारता आत कशा आलात?" नवे प्रमुख म्हणाले.

ताईंना वाटलं, गंमत करतायत. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. "लेकीला दवाखान्यात न्यायचंय, साहेब. तुम्ही म्हणाला होतात..."

"तेव्हा मी उपप्रमुख होतो. अध्यक्षांना आता हीच जांभळी फुलं मागच्या दारीही हवीत. ती येईपर्यंत कुणालाही रजा नाही."

"पण साहेब, बाळंतपण काही थांबतं का?"

"शाळेतलं पोरही सांगेल, ताई, की काम आधी."

"बरोबर आहे, साहेब," ताई म्हणाल्या.

दाराबाहेर क्लार्क वाट पाहत उभा होता. "काय झालं? सही झाली ना?"

ताईंनी अर्जाची पुन्हा घडी घातली.

"उमललं," त्या म्हणाल्या. "जांभळंच निघालं."