पेशींच्या नशिबी भरीत

ज्योत्स्नाच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग दहा दिवसांत संपणार होता आणि तिची फेलोशिपही. म्हणजे चुकायला सवडच नव्हती. तिने मूळपेशी मऊ जेलवर वाढवायला ठेवल्या होत्या. मऊ जागा मिळाली की त्या चरबीच्या होतात, कडक मिळाली की हाडाच्या. अंथरूण पाहून पाय पसरणारी जात! अट एकच, हादरा नको.

नेमकं तेव्हाच जळगावच्या तिच्या कॉलेजात तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. विभागप्रमुख भूपेंद्र सरांनी संशोधनाच्या फायली बाजूला सारून भरिताचा बेत आखला. चोपड्याहून जीवराम आचारी आला आणि प्रयोगशाळेच्या भिंतीलगत लाकडी उखळात भाजलेली वांगी ठेचू लागला.

"सर, भिंत हादरतेय! पेशींवर ताण आला की केंद्रकात गुंडाळलेला डीएनए सैल होतो, नको ती जनुकं जागी होतात."

"मग काय भरीत मिक्सरमध्ये फिरवू? समितीसमोर माझं नाक कापायचंय?"

ती जीवरामकडे गेली. "दादा, जरा लांब बसता का?"

"सरनी आठेच बसाले सांगं, ताई. मी ते वांगा ठेची राहिनू, तुमनी पेशीले हातबी नही लावा."

समिती लांबली. सरांनी मात्र रोज रंगीत तालीम ठेवली. सोमवारी तिखट कमी पडलं, मंगळवारी कांद्याची पात जास्त झाली. ज्योत्स्नाने पेशींच्या पेटीखाली स्वतःची गादी घातली. पाहुण्यांच्या बैठकीसाठी शिपाई चिंधाने तीही नेली. वर, विभागात ती एकटीच मुलगी म्हणून वाढायलाही तिलाच उभं केलं.

नवव्या दिवशी तिने पाहिलं. चरबीचा पत्ता नाही, सगळ्या पेशी हाडाच्या वाटेला लागलेल्या! ती तिथेच रडली. मग तिला दुसऱ्या इमारतीत ठेवलेली, त्याच पेशींची एकुलती जादा बशी आठवली. जाऊन पाहिलं तर तिच्यातल्या पेशी चरबीच्याच झाल्या होत्या. जेल तेच, पेशी त्याच, फरक फक्त ठोक्यांचा. दोन्हीकडच्या नोंदी लिहून ती धावतच सरांकडे गेली.

सरांनी कागद दोनदा वाचले. "म्हणून तर मी जीवरामला मुद्दाम भिंतीलगत बसवलं होतं," ते म्हणाले.

समिती आली, जेवली, वरची श्रेणी देऊन गेली. फेलोशिप संपली. पुढे शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं प्राचार्यांचं, तिसरं 'ठोके देण्याच्या पद्धतीसाठी' जीवरामचं. जीवराम अंक घेऊन थेट ज्योत्स्नाच्या घरी आला.

"ताई, मनं नाव आठे शे. तुमनं काबर नही?"

ज्योत्स्नाने पान उलटून आभाराच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आहे ना, दादा. पाहुण्यांना जेवण वाढल्याबद्दल."