बाकाची पाचवी पट्टी

हातात ब्रश आणि मनगटात जोर असला की माणसाला सुतार लागत नाही, असं मी रविवारी दुपारी दोनला घरात जाहीर केलं. सव्वादोनपर्यंत ते खरंही होतं.

विषय होता मागच्या अंगणातल्या सागवानी बाकाचा. माझे सासरे चाळीस वर्षं सुतारकाम करत होते. कारखाना बंद करण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली शेवटची वस्तू म्हणजे हा बाक, आमच्या लग्नातली भेट. देताना म्हणाले होते, "जावईबापू, अस्सल सागवान आहे. काही करू नका, फक्त सांभाळा." त्यातला 'काही करू नका' एवढा भाग मी अकरा वर्षं मनापासून पाळला. ऊन-पाऊस खाऊन बाक चुलीतल्या राखेसारखा करडा झाला. सासरे आले की त्यावरून अंगठा फिरवतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "हं." मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून 'शाब्बास' ऐकायचं होतं. आणि आज ते पाच वाजता येणार होते.

"आहे तसा छान दिसतोय की," बायको म्हणाली.

जी बाई चमच्यावरचा डाग दिव्याखाली धरून बघते, ती हे म्हणाली! माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती.

"त्यापेक्षा पंखे पुसा ना."

"पंख्यांना सासरे नसतात," मी म्हणालो आणि बादली उचलली.

तयारी चोख होती. लाकूड उजळायचं द्रावण, मऊ ब्रश, कोमट पाणी, शेवटी लावायला तेलाचा डबा. घासायचं ते लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं नाही, हेही मी वाचून ठेवलं होतं. बसायच्या जागेला पाच पट्ट्या. पहिली अशी मधासारखी उजळली की मी शीळ घातली. दुसरीही तशीच. तिसरी घासली, ती सोललेल्या बटाट्यासारखी निघाली. मला वाटलं, वरचा थर राहिला असेल. आणखी घासली. बटाटा आणखी पांढरा झाला.

"ती नका घासू," मागून बायकोचा आवाज आला. "ती सागवानी नाही."

"म्हणजे?"

"तीन वर्षांपूर्वी गादी वाळत घालायला मी बाकावर चढले होते. मोडली. कोपऱ्यावरच्या सुताराने खोक्याची फळी कापून बसवली. वर्षभरात तीसुद्धा करडी झाली, सगळ्यांत मिसळून गेली. म्हटलं, सुटले."

मी ब्रश खाली ठेवला. अशी संधी संसारात रोज येत नाही. "प्रश्न पट्टीचा नाही," मी सुरुवात केली, "प्रश्न विश्वासाचा आहे. तुझ्या वडिलांची शेवटची वस्तू! निदान मला तरी सांगायचं. नवराबायकोत काही लपवालपवी असावी का?" बोलता बोलता हात मोकळे राहीनात, म्हणून मी चौथी पट्टी घासायला घेतली. ती मधाची निघाली. त्यामुळे जोर चढून मी आणखी दोन वाक्यं सुनावली आणि पाचवीला हात घातला.

पाचवी लाल निघाली. विटेसारखी लाल.

"ही मी नाही मोडली," बायको सावकाश म्हणाली.

ती मी मोडली होती. बायको माहेरी गेली असताना ऑफिसातले तीन जाडजूड मित्र घरी आले होते, आणि आम्ही चौघं एकदम बसून मागे रेललो. पट्टी मीच बसवली होती, जुन्या दाराच्या चौकटीतून कापून. खरं सांगतो, पुढे ती करड्यात अशी विरघळली की कोणती ते मीच विसरलो. माझी पट्टी पाठीला आहे अशी माझी ठाम समजूत होती. म्हणून तर मी फक्त बसायची जागा घासायची ठरवली होती.

"विश्वासाचं काय म्हणत होता तुम्ही?" बायकोने विचारलं.

मी घड्याळ दाखवलं. तीन वाजले होते. त्यानंतर आम्ही दोघांनी खांद्याला खांदा लावून जे केलं त्याला काम म्हणवत नाही. बटाट्याच्या पट्टीला चहाचं पाणी लावलं, तर तो उकडलेला बटाटा झाला. तपकिरी बूटपॉलिश लावलं, तर पट्टी बुटासारखी चमकायला लागली. शेवटी मी म्हणालो, "तेल लावू. तेलाने सगळं एकसारखं होईल." लावलं. मध आणखी मधाळला, वीट आणखी लाल झाली. 'लाकडाचा मूळ रंग खुलवते' असं डब्यावर लिहिलंच होतं. मी ते नंतर वाचलं.

"बाबांना काय वाटेल हो," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी बाकावर चादर अंथरली, तेवढ्यात सासरे आले. साडेचारलाच.

"चादर कशाला?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागतं ना, बाबा."

"सागवानाला?"

त्यांनी चादर उचलली. अंगठा मधावरून फिरला, बटाट्यावर थांबला, विटेवर आणखी थांबला. 'हं'सुद्धा नाही.

"पोरी, पाणी आण जरा," ते म्हणाले. बायको मान खाली घालून आत गेली. मी पाय धरायच्या तयारीत होतो.

सासरे माझ्या कानाशी वाकले. "मागचे पाय घासलेत?"

"नाही."

"नक्की?"

"ब्रशसुद्धा लावला नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मागचे दोन्ही बाभळीचे आहेत. लग्न तोंडावर आलं आणि सागवान कमी पडलं. सासूबाईंना तुमच्या मी अजून अस्सल म्हणूनच सांगतो." त्यांनी चादर नीट अंथरली, कोपरे खोचले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "तेवढे पाय सोडलेत. शाब्बास, जावईबापू."

बायको पाणी घेऊन आली. "काय म्हणाले बाबा?" तिने हळूच विचारलं.

"शाब्बास म्हणाले."

"कशाबद्दल?"

अकरा वर्षांनी मिळालेली शाब्बासकी, तीही न केलेल्या कामाची. तिला काय सांगणार? म्हटलं, "चादरीबद्दल."